फिटा मोजल्या, दिवस कोण मोजणार?

ठाण्याहून घोडबंदरच्या वाटेला लागले की उजव्या अंगाला खाडीकडे कोलशेत लागते. आमचे गाव आगरी-कोळ्यांचे. एकेकाळी इथे भातखाचरे होती, मिठागरे होती, खाडीत जाळी पडत. पुढे सँडोजचा रंगांचा कारखाना आला, हवाईदलाचे ठाणे आले, रेतीबंदर गाजले. आता कारखान्याच्या जागेवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. पण गावठाणातली जुनी घरे अजून तग धरून आहेत. त्यांतल्याच एका घराच्या ओट्यावर घडलेली ही गोष्ट वाचकांना सांगायची आहे.

माझी आतेबहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही तिला ताई म्हणतो. तिला खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यात दिली आहे. घरची भातशेती आहे, दोन म्हशी आहेत. ताईला वयाच्या सोळाव्या वर्षापासून फेफरे येते. महिन्यातून एकदा ती औषधासाठी ठाण्याला येते आणि रात्री आमच्याकडे कोलशेतला मुक्काम करते. तिच्याबरोबर मीही दवाखान्यात जातो. तिथे रांग मोठी असते आणि डॉक्टरांना वेळ थोडा. ते विचारतात, "या महिन्यात किती फिटा आल्या?" ताई सांगते, "एक." कागदावर एकचा आकडा पडतो, गोळ्यांची चिठ्ठी हातात येते आणि पुढचा नंबर पुकारला जातो.

गेल्या श्रावणातही असेच झाले. फीट एकच आली होती. पण ती लावणीच्या दिवसांत, चिखलाच्या खाचरात आली. ताई पालथी पडली. तोंड पाण्यात गेले. शेजारच्या ओळीत वाकलेल्या जावेने पाहिले म्हणून बरे. तिने केसाला धरून मान वर काढली आणि कुशीवर वळवले. दवाखान्याच्या कागदावर मात्र नेहमीसारखाच एकचा आकडा पडला आणि गोळी वाढवून मिळाली. ती फीट का आली, हे कोणी विचारले नाही, आणि ताईनेही सांगितले नाही. ते कारण बाहेर पडले ते पुढच्या महिन्यात, आमच्या ओट्यावर. एका छापील प्रश्नांच्या यादीमुळे.

आजार कसला?

यादीकडे वळण्याआधी आजाराचे दोन शब्द सांगतो. आपल्याकडे याला फेफरे म्हणतात, कोणी मिरगी म्हणतात, कोणी आकडी, शिकलेले लोक फीट म्हणतात. चरकसंहितेत याचे नाव अपस्मार आहे, म्हणजे स्मृती जाणे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेच्या खुणांनी बोलत असतात. त्या विजेचा एकदम लोंढा सुटला की माणसाचे भान जाते, हातपाय झटके देतात किंवा तो काही क्षण नुसता टक लावून बसतो. माणसाच्या मेंदूतली ही वीज कागदावर पहिल्यांदा उतरवली ती जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. आज डोक्याला तारा लावून पट्टी काढतात ती तीच.

तेव्हा हा करणीचा प्रकार नाही, अंगात येणे नाही आणि वेडही नाही. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. त्यामुळे आमच्या भागात "ठाण्याला नेला" म्हटले की लोक एकच अर्थ घेतात. ताईला पहिल्यांदा ठाण्याच्या डॉक्टरकडे नेले तेव्हा गावभर तेच पसरले होते. मेंदूचा आजार आणि मनाचा आजार यांची गल्लत झाली की रोग्याला दुप्पट सोसावे लागते. खरे तर दोन्ही आजारांत लाजण्यासारखे काही नाही.

हा आजार स्पर्शाने, लाळेने, ताटातल्या अन्नाने एकाचा दुसऱ्याला होत नाही. जगात सुमारे ५ कोटी माणसांना तो आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट औषध मिळाले तर दहांतल्या सात जणांच्या फिटा थांबू शकतात. कारणे पुष्कळ आहेत. अडलेल्या बाळंतपणात बाळाच्या मेंदूला इजा होणे, डोक्याला मार लागणे, मेंदूज्वर, आणि आपल्या देशात एक खास कारण म्हणजे डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात जाणे. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून ही अंडी मातीत, पाण्यात, भाजीवर येतात आणि अळी मेंदूत जाऊन बसते. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्यालाही हे होते. संडासचा वापर, हात धुणे आणि कच्चा भाजीपाला स्वच्छ पाण्याने धुणे हा यावरचा घरगुती बंदोबस्त आहे.

एकतीस प्रश्नांची यादी

आता त्या यादीविषयी. फिटांचा आकडा म्हणजे रोग्याचे सगळे आयुष्य नव्हे, हे डॉक्टरांनाही कळून चुकले होते. वर्षातून दोन फिटा येणारा एखादा घराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि महिन्याला एक येणारा दुसरा दुकान चालवतो. मग औषधाने खरा फरक पडला की नाही, हे मोजायचे कशाने?

अमेरिकेत रँड नावाच्या संस्थेतल्या अभ्यासकांनी आणि मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी १९९० नंतरच्या वर्षांत यासाठी प्रश्नांची यादी तयार केली. तिचे नाव क्वॉली. आधी तिच्यात ८९ प्रश्न होते. एवढे प्रश्न दवाखान्यात कोण विचारणार? म्हणून त्यातून ३१ प्रश्नांची आणि पुढे आणखी गाळून १० प्रश्नांची यादी केली. जॉइस क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ प्रश्नांच्या यादीवरचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध केला. ही यादी निरनिराळ्या भाषांत कशी उतरवली, तेही त्यात होते.

या ३१ प्रश्नांचे सात भाग आहेत. पुढची फीट कधी येईल ही धास्ती, एकंदर जगणे कसे चालले आहे, मनाची अवस्था, अंगातली ताकद आणि थकवा, आठवण आणि लक्ष, औषधांचे परिणाम, आणि लोकांतला वावर. शिवाय प्रकृतीविषयी एक वेगळा प्रश्न आहे. उत्तरांचे गुण शून्यापासून शंभरापर्यंत मांडतात. गुण जितके जास्त, तितके जगणे बरे.

आपल्या शेजारच्या बेळगावला जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी हीच ३१ प्रश्नांची यादी वापरून तिथल्या रोग्यांची विचारपूस केली आणि त्याचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध केला. म्हणजे ही यादी आपल्या मुलखाला परकी राहिलेली नाही. पण परक्या भाषेतला प्रश्न आपल्या माणसाच्या कानाला आणि काळजाला पोचवणे हे निराळेच काम आहे. कसे, ते मला ओट्यावर कळले.

ताई अडखळते तिथे

यादी माझ्या हाती इंग्रजीत आली. मी सुटीच्या दिवशी बसून तिचा माझ्या परीने मराठी अर्थ लावला आणि संध्याकाळी ताईपुढे वाचू लागलो. वाटले होते अर्ध्या तासात उरकेल. पहिल्याच पानावर गाडी अडली.

मनाच्या प्रश्नांत एके ठिकाणी इंग्रजीत मन निळे झाले का, अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. तिकडे निळे म्हणजे उदास. आपल्याकडे निळा म्हणजे विठ्ठल नाही तर कृष्ण! शब्दाला शब्द ठेवला असता तर ताई हसली असती. मी "उदास वाटते का?" असे विचारले. ती म्हणाली, "उदास म्हंजे? मना कदी कदी जीव लागत नाय. कोनाशी बोलावं वाटत नाय." मी कागदावर 'उदास' खोडून 'जीव लागत नाही' असे लिहिले.

पुढचा प्रश्न होता, कामावर काही अडचण येते का. ताई सरळ म्हणाली, "मी कुठं कामाला जाते रे भाऊ? मी तर घरीच असते." ही बाई पहाटे चारला उठते, म्हशी पिळते, भाकऱ्या थापते, लावणी-कापणीला उभी राहते, आणि म्हणते घरीच असते! कारण आपल्याकडे 'काम' म्हणजे पगाराची नोकरी. प्रश्न तसाच राहिला असता तर उत्तर पडले असते 'काही अडचण नाही'. मग मी विचारले, "शेतात, गोठ्यात, चुलीपाशी काही अडते का?" त्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

मोटार चालवण्याविषयीही एक प्रश्न आहे. अमेरिकेत गाडीवाचून माणसाचे पान हलत नाही, म्हणून तो तिथे मोठा प्रश्न. ताईने जन्मात मोटार चालवलेली नाही. "अडचण नाही" असे उत्तर तिने दिले असते, आणि ते खोटेही नव्हते. पण एकट्याने जाण्यायेण्याची अडचण तिला आहेच. तिला एकटीला एसटीत बसू देत नाहीत, होडीत घेत नाहीत, विहिरीवर पाठवत नाहीत. तरुण मुलाच्या बाबतीत हाच प्रश्न मोटारसायकलचा आणि ट्रॅक्टरचा होतो. गाडी चालवण्याच्या परवान्याच्या अर्जात फेफऱ्याविषयी स्पष्ट विचारलेले असते, हेही ध्यानात ठेवावे.

'लाज' हा शब्दही असाच फसवा. "फीट आल्याची लाज वाटते का?" म्हटले की ताई ताठ झाली. "लाज वाटायला मी काय वाईट केलंय?" आपल्या भाषेत लाज वाईट कर्माची. विचारायचे होते ते असे की, चारचौघांत ओशाळल्यासारखे होते का. तसे विचारल्यावर तिने भावकीतल्या एका हळदीची हकिकत सांगितली. ती पुढे येईलच.

काळाचाही घोळ झाला. प्रश्न असतात 'गेल्या चार आठवड्यांत' असे. ताईला आठवडे मोजायची सवय नाही. खाडीकाठची माणसे पुनव आणि अमावास्या ओळखतात, कारण उधाण त्यावर असते. मी म्हटले, "ही दोन उधाणं गेली, तेवढ्यातलं सांग." मग तिला नेमके आठवू लागले.

उत्तरांच्या पायऱ्या सहा. सदोदित, बहुतेक वेळ, बराच वेळ, काही वेळ, थोडा वेळ, कधीच नाही. 'बहुतेक' आणि 'बराच' यांत फरक काय, हे मलाच सांगता येईना. शेवटी पाच चिंचोके आणून ओट्यावर मांडले. पाचही उचलले म्हणजे सदोदित, एकही नाही म्हणजे कधीच नाही. ताई पटापट सांगू लागली.

जगण्याची पैसेवारी

सगळ्यात अवघड ठरले ते यादीचे नावच. इंग्रजीत त्याला जगण्याची गुणवत्ता म्हणतात. 'जीवनमान' म्हटले तर लोक घर, पैसा, टीव्ही, मोटारसायकल सांगू लागतात. 'दर्जा' म्हटले तर शाळेतल्यासारखे वाटते. मग मला आपल्या शेतातलीच एक जुनी गोष्ट आठवली. पीक उभे राहिले की गावाची पैसेवारी काढतात. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. पुरते पीक म्हणजे सोळा आणे. पुढे रुपयाचे शंभर पैसे झाले आणि पन्नास पैशांच्या खाली गेले की टंचाईची भाषा सुरू झाली. यादीतही शून्य ते शंभर अशी पट्टी आहेच.

मी विचारले, "ताई, सोळा आण्यांतलं तुझं जगणं किती आणे?"

ती हसली. बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, "पोरं शिकतात, मालक चांगले हाईत, तवा धा आणे धर. पन लावनीच्या दिसांत चार."

"लावणीत चारच का?"

आणि इथे ती गोष्ट बाहेर आली. सकाळची गोळी घेतली की तिला दुपारपर्यंत गुंगी राहते. वाकून रोपे लावताना डोळे मिटतात, ओळ वाकडी होते, बाया हसतात, सासू बोलते. म्हणून लावणीच्या पंधरा दिवसांत ती गोळी अर्धी करून घेत होती. कोणाला न सांगता. दरसाल! आणि खाचरातली ती फीट त्याच दिवसांतली. कागदावर एक आकडा पडला, गोळी वाढली, गुंगी वाढली, म्हणजे पुढच्या लावणीला ती आणखी मोठा तुकडा मोडून टाकणार होती. हे चक्र असेच चालले असते.

औषधांच्या परिणामांवर यादीत फक्त तीन प्रश्न आहेत. पण त्या तीन प्रश्नांनी जे सांगितले ते इतक्या वर्षांच्या फिटांच्या आकड्याने सांगितले नव्हते.

हे काम शास्त्राने कसे करतात?

मी केले ते घरगुती काम. त्याला शास्त्र म्हणता येणार नाही. खरी यादी आपल्या भाषेत आणायची तर तिची ठरलेली रीत आहे. ती वाचकांनी समजून घ्यावी, कारण उद्या कोणी असा कागद घेऊन आपल्या दारात आला तर तो नीट बेतलेला आहे की नाही, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे.

प्रथम यादीच्या मालकांची परवानगी घेतात. मग दोन जाणकार एकमेकांना न विचारता आपापले भाषांतर करतात. दोन्ही समोर ठेवून त्यांतून एक करतात. त्यानंतर मूळ यादी न पाहिलेला तिसरा माणूस ते मराठी पुन्हा इंग्रजीत नेतो. उलट फिरवलेले इंग्रजी मुळाशी ताडून पाहतात. जिथे अर्थ सरकला असेल तिथे दुरुस्त करतात. विहिरीतली बादली नीट भरली का, हे वर ओढूनच कळते, तसे हे.

मग डॉक्टर, भाषा जाणणारे आणि रोग्यांच्या घरची माणसे बसून प्रत्येक प्रश्न आपल्या चालीरीतींना लागू पडतो का, ते पाहतात. मोटारीच्या प्रश्नाचे काय करायचे, ते इथे ठरते. मात्र प्रश्न मनाला येईल तसे बदलायचे नसतात. फार बदलले तर दुसऱ्या देशातल्या आकड्यांशी आपले आकडे पडताळता येत नाहीत. शब्द बदलायचा, पण मूळ हेतू सोडायचा नाही.

यानंतर थोड्या रोग्यांना यादी वाचून दाखवतात आणि विचारतात, "या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला काय कळला?" ताई 'काम' या शब्दावर अडखळली, तसे अडखळणे इथे सापडते. ही पायरी गाळली तर बाकी सगळे व्यर्थ जाते.

शेवटी वजनकाट्याची परीक्षा. एकच पोते त्याच काट्यावर दोनदा ठेवले तर वजन तेवढेच भरले पाहिजे. म्हणून ज्याच्या आजारात फरक पडलेला नाही अशा रोग्याला काही दिवसांनी तीच यादी पुन्हा विचारतात आणि गुण जुळतात का ते पाहतात. काट्यावर भाताचे पोते आणि पेंढ्याचा भारा ठेवला तर फरकही दिसला पाहिजे. म्हणून वारंवार फिटा येणाऱ्यांचे गुण फिटा थांबलेल्यांपेक्षा कमी येतात का, तेही तपासतात. एवढे सगळे पार पडले की यादी आपल्या भाषेत रुळली असे म्हणायचे.

पूर्वेकडच्या कोरिया देशातही अशाच रीतीने ही यादी तिथल्या भाषेत नेली. त्या लोकांपुढे तर आजाराच्या नावाचीच अडचण होती. जुन्या कोरियन नावाला वेडेपणाचा वास होता. ते नाव कानावर पडले की माणूस आजार लपवायचा. तिथल्या डॉक्टरांनी आणि रोग्यांच्या नातलगांनी २०१० नंतरच्या काळात ते नाव बदलून घेतले आणि मेंदूतल्या विजेचा विकार अशा अर्थाचे नवे नाव रूढ केले. पुढे कायद्याच्या भाषेतही ते आले. नाव बदलल्याने रोग जात नाही. पण ज्या शब्दाने माणूस तोंड लपवतो, त्या शब्दाने त्याला प्रश्न विचारून खरे उत्तर कसे मिळणार?

यादीत नसलेला प्रश्न

सगळे प्रश्न संपल्यावर मी कागद मिटला. ताई म्हणाली, "एक विचारलंच नाय."

"काय?"

"हलदीला मना पुढं घेतात का, ते."

भावकीत लग्न होते. नवरदेवाला हळद लावायला सुवासिनी पुढे झाल्या. ताईही उठली. कोणीतरी हळूच म्हणाले, "तिला नको, मधीच काय झालं तर?" ताई मागे सरली आणि भांडी घासायला गेली. त्या दिवशी फीट आली नव्हती. गेल्या कित्येक लग्नांत कधी आलेली नव्हती. पण जगण्याच्या सोळा आण्यांतले दोन आणे त्या एका वाक्याने गेले.

लग्न हा तर या आजारातला मोठा घाव. आपल्या हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार येणारे फेफरे ही लग्नाला बाधा मानली होती आणि त्यावरून लग्न रद्द ठरवून घेता येत असे. १९९९ सालच्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. म्हणजे आता फेफरे आहे एवढ्यावरून लग्न रद्द होत नाही. पण पुष्कळ घरांत ही गोष्ट माहीतच नाही. मुलीचा आजार लपवून लग्न लावतात. मग ती सासरी चोरून गोळ्या घेते, नाही तर घेतच नाही, आणि आजार उघडा पडतो तो भर आंगणात. लपवण्यापेक्षा आधी सांगून केलेली सोयरीक टिकते, असे ताईच्या घरावरून मी सांगू शकतो. तिच्या सासऱ्यांना बोलणीच्या वेळीच सांगितले होते. त्यांनी एक रात्र विचार केला आणि होकार कळवला.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार सोसला आणि पुढे संवेदना फाउंडेशन उभारले. हा आजार असलेली माणसे तिथे एकमेकांना भेटतात, बोलतात. लग्न जुळवण्याचे कामही तिथे होते. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने सरकारी आरोग्य खात्याच्या मदतीने महाराष्ट्राच्या गावोगावी शिबिरे घेतली आहेत. १७ नोव्हेंबर हा आपल्या देशात अपस्मार दिन म्हणून पाळतात.

घरच्यांनी काय करावे?

कोणाला फीट आली तर घाबरू नये. माणसाला कुशीवर वळवावे. डोक्याखाली मऊ कापड द्यावे. चूल, पाणी, विळा-कोयता जवळ असेल तर दूर सारावा. गळ्याचे बटण सैल करावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा, चप्पल हुंगवून फीट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून लोकांना कांद्याचा गुण वाटतो. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून जास्त चालली, एकामागून एक आली, किंवा बाई गरोदर असली तर लगेच दवाखान्यात न्यावे.

गोळी आपल्या मनाने कमी करू नये, बंद तर मुळीच करू नये. एकदम बंद केल्याने जोराच्या फिटा येतात. मूल हवे असलेल्या बाईने आधीच डॉक्टरला सांगावे. काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात आणि त्या वेळेवर बदलता येतात. गरोदर राहिल्यावर भीतीने सगळेच औषध टाकून देणे हा त्याहून मोठा धोका आहे.

आणि महिन्यातून एकदा, दवाखान्यात जाण्याच्या आदल्या रात्री, घरच्या एका विश्वासाच्या माणसाने रोग्याजवळ एकट्यात बसावे. सासूसमोर किंवा धन्यासमोर खरे उत्तर निघत नाही, म्हणून एकट्यातच. पुढचे पाच प्रश्न विचारावेत:

१. गोळीने गुंगी, चक्कर, विसर असे काही होते का? गोळी कधी चुकली किंवा मुद्दाम मोडली का?

२. फीट येईल या धास्तीने कुठले काम, कुठले जाणे-येणे टाळले का?

३. जीव लागत नाही, झोप येत नाही, असे किती दिवस झाले?

४. कोणाच्या बोलण्याने किंवा वागण्याने मन दुखावले का?

५. सोळा आण्यांतले हे दिवस किती आण्यांचे गेले?

ही काही क्वॉली यादी नव्हे आणि तिची जागाही घेत नाही. पण उत्तरे एका कागदावर लिहून डॉक्टरपुढे ठेवली तर दोन मिनिटांची भेटही कामाची होते.

आम्ही तेच केले. पुढच्या खेपेला मी कागद पुढे ठेवला. डॉक्टरांनी वाचला, चष्मा काढला आणि ताईला विचारले, "लावणीत गोळी मोडता, हे आधी का नाही सांगितलंत?" ताई म्हणाली, "तुमी इचारलंच नाय, साहेब." ते क्षणभर थांबले. मग त्यांनी गोळीचा मोठा भाग रात्रीच्या वेळेला नेला आणि दिवसाचा कमी केला. गुंगी उतरायला काही आठवडे लागले.

या वर्षी ताईने लावणीत एकही गोळी मोडली नाही. खाचरात ती जावेच्या शेजारच्या ओळीलाच उभी राहते, एवढी काळजी दोघींनी घेतली आहे. मार्गशीर्षात आमच्या घरी लग्न आहे. हळदीच्या पहिल्या हातासाठी कोणाला बोलवायचे, ते माझ्या आईने आजच ठरवून टाकले आहे.